चप्पल एसटीत राहिली, तपासणी डोळ्यांची का?

प्रश्न : वय 56. नऊ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या महिन्यात एसटीतून उतरताना एक चप्पल पायरीवरच राहिली. दहा पावलं गेल्यावर बायकोने सांगितलं, तेव्हा कळलं. कापसावर चालल्यासारखं वाटतं, रात्री तळपाय जळजळतात. डॉक्टरांनी मात्र डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासून यायला सांगितलंय. चष्मा लावून पेपर स्वच्छ वाचता येतो, मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, ते 1.0 आहे. मग हा खर्च कशाला?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मीही हेच लिहून दिलं असतं, आणि तुम्ही माझ्यावरही असेच वैतागला असता!

आपल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या असतात. तांबड्या पेशींना त्यांतून अंग दुमडून, एकामागे एक जावं लागतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की वाहिनीच्या भिंतीतल्या प्रथिनांना चिकटते. भिंत जाड होते, पण पक्की होत नाही. कुठे पाझरते, कुठे पार बुजते. पायाच्या नसांना, म्हणजे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूंना, रक्त पुरवतात त्या अशाच वाहिन्या. शिवाय साखर नसांना थेटही इजा करते. या नसा सगळ्यात लांब, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो.

तळपायातल्या या वाहिन्या मला बघता येत नाहीत. डोळ्याच्या पडद्यावरच्या येतात, तेही कुठे चिरफाड न करता. तिथे टाचणीच्या टोकाने टिंबं द्यावीत तसे लाल ठिपके दिसले की समजायचं, वाहिन्यांना फुगे आलेत. असे ठिपके असूनही पेपर स्वच्छ वाचणारे पेशंट मी दर आठवड्याला बघतो. मूत्रपिंडांतही अशाच बारीक वाहिन्या असतात, म्हणून लघवीची तपासणी. क्रिएटिनिनवरही विसंबू नका. मूत्रपिंडांची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत ते नॉर्मल राहू शकतं. लघवीतून पाझरणारं अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या बरंच आधी बोलतं. लघवीतल्या दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ते 30 मिलिग्रॅमच्या आत हवं.

बी-12 जीवनसत्त्व पण तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते कमी होऊ शकतं आणि पाय असेच बधिर होतात. ते कारण निघालं तर उपाय सोपा.

एचबीए1सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा तुम्ही कळवलाच नाहीत. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात तो 1 टक्क्याने (म्हणजे 8 ऐवजी 7) कमी असणाऱ्यांत बारीक वाहिन्यांचे आजार 37 टक्क्यांनी कमी दिसले. गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असं नाही. उरलेली टिकवता येते.

जळजळ होते म्हणून गरम पाण्यात पाय बुडवू नका. भाजलेलं कळणार नाही. माझा एक शेतकरी पेशंट चपलेतून घुसलेला बाभळीचा काटा घेऊन तीन दिवस रानात हिंडला. मोजा रक्ताने चिकटला तेव्हा लक्षात आलं. रोज झोपताना तळपाय आरशात बघा आणि मागे पट्टा असलेली चप्पल घ्या.

पडदा तपासताना थेंब टाकतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं. स्कूटर नेऊ नका. वहिनींना सोबत न्या, चपलांवरही लक्ष राहील.