अमेरिकेत हेल्थ एफएसए आणि डिपेंडंट केअर खात्यात कमाल रक्कम टाकावी का?

तुम्ही विचारलंय की कंपनीचं 2026 साठीचं ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचे विमा वगैरे लाभ निवडायची मुदत) शुक्रवारी संपतंय, मुलगी तीन वर्षांची आहे, बायको एच-फोर ईएडीवर (एच-1बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या वर्क परमिट कार्डावर) नोकरी करते, तर दोन्ही खात्यांत कमाल रक्कम टाकून टॅक्स वाचवावा का?

या दोन्ही खात्यांत पगारातून टॅक्स लागायच्या आधीच पैसे कापून ठेवतात: हेल्थ एफएसएत औषधपाण्यासाठी, डिपेंडंट केअरमध्ये मुलांच्या सांभाळासाठी. खर्चाच्या पावत्या दाखवून ते परत मिळतात, न वापरलेले सहसा बुडतात. म्हणून डोळे झाकून टाकू नका. मी टाकली होती आणि हात पोळून घेतले.

तेव्हा डिपेंडंट केअरची मर्यादा कुटुंबाला 5,000 डॉलर होती. दर पंधरवड्याच्या पगारातून 192 डॉलर 31 सेंट कापले जायचे. फेब्रुवारीअखेर बायकोच्या ईएडीची मुदत संपली, नवं कार्ड काही येईना, नोकरी थांबली. मग महिना 1,300 डॉलर कशाला भरायचे म्हणून मुलीला डे-केअरमधून काढलं. माझी आई आलेलीच होती. आजीच्या हातचा वरणभात खाऊन मुलगी खूश, पण आजीची पावती कुठून आणणार? दोन महिन्यांचे 2,600 मिळाले, 2,400 बुडाले. अशा वेळी पगारातली कपात बदलता येते, पण आमच्या प्लॅनमध्ये 30 दिवसांच्या आत एचआरला कळवायचं होतं. मी मे महिन्यात मेल केला!

म्हणून आधी बायकोच्या कार्डावरची तारीख बघा. दोघंही नोकरी करत असाल, निदान शोधत असाल किंवा पूर्णवेळ शिकत असाल, तरच हा खर्च धरला जातो. 2026 पासून मर्यादा 7,500 झाली आहे. प्रीस्कूल आणि उन्हाळ्यातला डे कॅम्प चालतो, किंडरगार्टनची फी आणि मुक्कामी कॅम्प चालत नाही. शेजारच्या काकू मुलीला सांभाळत असतील तर टॅक्स भरताना फॉर्म 2441 वर त्यांचा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) लिहावा लागतो. रोख पैसे घेणाऱ्या काकू तो देत नाहीत आणि तिथेच घोडं अडतं.

हेल्थ एफएसएची 2026 ची मर्यादा 3,400. इथे वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, त्यामुळे रूट कॅनाल जानेवारीतच उरकून घ्या. डिपेंडंट केअरमध्ये मात्र जमा झालं असेल तेवढंच मिळतं. प्लॅनमध्ये सोय असेल तर हेल्थ एफएसएतले 680 डॉलरपर्यंत उरलेले पैसे पुढच्या वर्षात नेता येतात, त्यावरचे गेले. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांच्या डॉक्टरचं बिल यात बसत नाही.

आणि हो, तुमचा हाय डिडक्टिबल प्लॅन (आधी मोठ्या रकमेपर्यंतचा खर्च स्वतः करायला लावणारा विमा) असून एचएसए (अशा विम्यासोबतचं आरोग्यखर्चाचं बचत खातं) उघडायचा विचार असेल तर साधं हेल्थ एफएसए घेऊच नका. बायकोने तिच्या कंपनीत घेतलेलं असलं तरी ते आड येतं. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए चालतं. एचएसएतले पैसे वर्ष संपलं म्हणून बुडत नाहीत, नोकरी बदलली तरी तुमचेच राहतात. कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीत असाल तर राज्याचा टॅक्स त्यावर वाचत नाही, एवढंच.

तुमच्या जागी मी असतो तर कार्ड जितके महिने नक्की आहे, तितक्याच महिन्यांची फी धरली असती. कार्ड ऑगस्टपर्यंत असेल आणि फी आमच्याइतकी असेल, तर आठ महिन्यांचेच 10,400 होतात. मग 7,500 बिनधास्त टाका. पावत्या मात्र दर महिन्याला घेत जा, डे-केअरवाले डिसेंबरात फोन उचलत नाहीत.