बंद गिरणीत पुन्हा कॅफेच का?

प्रश्न : सर नमस्कार, मी पुण्यात एका आर्किटेक्चर कॉलेजात चौथ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ घेते. यंदा ॲडॅप्टिव्ह रीयूज, म्हणजे जुन्या इमारतीचा नवा वापर, म्हणून एक बंद पडलेली कारखान्याची शेड साइट दिली. 22 मुलांपैकी 17 जणांनी कॅफे, आर्ट गॅलरी नि को-वर्किंग काढलं, बाकीच्यांनी नुसती गॅलरी. शीट्स देखण्या आहेत, पण ती शेड तिथे नसती तरी काही बिघडलं नसतं असं वाटतं. कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर : मॅडम, वाचून आधी हसलो, कारण माझ्या स्टुडिओत पहिली दोन वर्षं डिट्टो हेच झालं. पोरांना बोलून उपयोग नाही हो, त्यांनी बघितलंय काय तर स्टेशनजवळची राजा बहादूर मिल, तिथे आता हॉटेलं नि पब, मुंबईला गेलं की फिनिक्सचा मॉल, म्हणजे गिरणी बंद पडली की तिथे खायला जायचं हेच डोक्यात पक्कं. चूक ब्रीफमध्ये, म्हणजे आपण मुलांना काम कसं मांडून देतो त्यात आहे असं माझं मत. पहिल्याच दिवशी ‘इथे काय करता येईल’ विचारलं की मुलं पिंटरेस्ट उघडणार. मी आता पहिले सहा आठवडे नवीन वापराचं नावच काढू देत नाही, हा कारखाना चालायचा कसा तेवढंच काढून आणा म्हणतो.

समजा कापडगिरणी आहे. कापसाच्या गासड्या कुठल्या दारानं आत यायच्या, मग ब्लो रूम (कापूस मोकळा नि साफ करायची), कार्डिंग (पिंजणं), स्पिनिंग (कताई), वायंडिंग (सूत गुंडाळणं), शेवटी माग, हा सगळा प्रवास सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदात काढायला लावा. मग मुलांच्या आपोआप लक्षात येतं की माग बहुतेक तळमजल्यावरच का, तर त्यांच्या हादऱ्यानं वरचे मजले हलतील. खिडक्या बंद का ठेवायचे, तर कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून आत मुद्दाम दमटपणा राखायचे. आणि त्याच शेडवर आपली मुलं क्रॉस व्हेंटिलेशनचे (आरपार वाऱ्याचे) निळे बाण काढून मोकळी!

एकदा एका जुन्या शेडचं मोजमाप घेऊन ड्रॉइंग करताना माझ्या मुलांनी खांबांवरच्या लोखंडी ब्रॅकेटांना ‘डेकोरेटिव्ह एलिमेंट’ असं लेबल लावलं होतं. तिथले वॉचमनकाका आधी त्याच कारखान्यात कामाला होते, ते म्हणाले अहो शोभेचं कुठलं, इथून शाफ्ट (लांब लोखंडी दांडा) फिरायचा, त्याच्यावरून पट्टे खाली प्रत्येक मशिनला, इंजिन एकच. झालं, अख्खी शेड मुलांना कळली, खांब एवढे जवळजवळ का, मशिनी एका रांगेत का, सगळं त्या शाफ्टपायी. त्या काकांना आम्ही नंतर ज्युरीला, म्हणजे मुलांची कामं तपासायलाच बसवलं, बाहेरून आलेल्या एका आर्किटेक्टला ते फारसं रुचलं नाही, पण असो.

दुसरी गोष्ट छपराची. करवतीच्या दातांसारखं ते नॉर्थ लाइट छप्पर दिसलं की मुलं खूश, उत्तरेची काच म्हणजे ऊन येणार नाही असं पाठ केलेलं असतं. हे युरोपात ठीक आहे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्यच थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे सन-पाथ, म्हणजे सूर्याचा आकाशातला मार्ग, मुलांना स्वतः काढून बघू दे. आणि दोन दातांमधली पन्हळ पावसाळ्यात हमखास गळते. कितीतरी गिरण्यांत ओतीव लोखंडाचे खांब आतून पोकळ असायचे आणि छपराचं पाणी त्यांच्यातूनच खाली जायचं, हे माहीत नसलं की पोरगं रंग देऊन, तळाला बेसप्लेट मारून पाणी तुंबवून ठेवतं. तसाच मेझनिनचा, म्हणजे मध्येच अर्धा मजला टाकायचा मोह. ओतीव लोखंड दाब छान घेतं पण ताणात ठिसूळ, त्याला आपल्या नेहमीच्या स्टीलसारखं वेल्डिंग करता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर काही टांगायच्या आधी स्ट्रक्चरच्या सरांकडे पाठवा. चुन्यातल्या विटांवर सिमेंटचा गिलावा काढला की मी तरी सरळ मार्क कापतो, ओल आत अडकते नि वीट फुटते.

हे झालं की मग नवीन वापर. प्रत्येकाला तीन वापर घ्यायला लावा आणि दर वापरासाठी बिल्डिंगचं काय काय तोडावं लागतं त्याची यादी करायला सांगा, जिथे सगळ्यात कमी तुटतं तो वापर बहुतेक बरोबर निघतो. उदाहरण द्यायचं तर लंडनचं टेट मॉडर्न (जुन्या वीजकेंद्रातलं कलासंग्रहालय) सगळेच दाखवतात, तुम्ही ब्राझीलमधल्या साओ पावलोचं सेस्क पोंपेया हे सांस्कृतिक केंद्र दाखवा, आधी लोखंडी पिंपं बनवायचा कारखाना होता, आर्किटेक्ट लीना बो बार्डी बघायला गेली तर सुट्टीच्या दिवशी आसपासची माणसं, पोरंबाळं तिथे आधीच मजेत वावरत होती, मग तिनं तेच सांभाळलं. आणि कॅफेच हवा असा हट्ट असेल तर मुंबईच्या कमला मिलची आग समोर ठेवा, 29 डिसेंबर 2017, गच्चीवरची रेस्टॉरंटं, 14 माणसं गेली. बाहेर पडायचा दुसरा रस्ता दाखव, मग काढ तुझा कॅफे.

प्रश्न : बंद कारखान्यात मुलांना न्यायला मालक परवानगी देत नाहीत. मग काय करायचं?
– एक प्राध्यापक, चिंचवड

उत्तर : त्यांचं फारसं चूक नाही सर. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फुटले की धूळ वाईट, आणि मुलं सेल्फीसाठी कुठेही चढतात. लेखी पत्र द्या, बूट-हेल्मेट सक्तीचं करा, कशालाही भोक पाडणार नाही नि पत्र्यावर चढणार नाही हे लिहून द्या, बऱ्याचदा काम होतं. तरी नाहीच जमलं तर भोसरीत एखादी चालू शेड बघा, तिथला सुपरवायझर मशिन बंद करून समजावून सांगतो, फक्त जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचा.