पणजोबांच्या दोन नावांबद्दल

प्रिय बाळा,

आजी म्हणते पणजोबा नवगावकर आणि लढाईत बसऱ्याला होते. पेन्शनीच्या कागदावर मात्र त्यांचं नाव, बापाचं नाव, बस्स. नवगावकर कुठेच नाही. म्हणून घराण्याची माहिती लिहिताना आजीचं सगळं काढून कागदापुरतं ठेवायचं तुझं चाललंय. ते करू नकोस. दोन्ही लिही, आणि प्रत्येक वाक्याशेजारी लिही: कुणी सांगितलं, कधी, कुठे.

बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, घरांत हा घोळ जुनाच आहे. गावावरून पडलेलं आडनाव, पेणकर, रोहेकर, किहीमकर, हे घरात आणि गावात चालायचं. सरकारी वहीत बापाच्या नावावर भागायचं. नावांनाही दोन वळणं असत. टिपूच्या कैदेतून सुटून १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद (सिनेगॉगला आपल्यात मशीदच म्हणतात) बांधणारे सॅम्युअल इझेकिएल म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. तेव्हा आडनाव नाही म्हणजे माणूस दुसरा, असं धरू नकोस. तोच आहे असंही घाईने धरू नकोस. बापाचं नाव, गाव आणि पलटणीतला नंबर, यांतलं निदान दोन जुळू दे.

नंबर पदकाच्या कडेवर सापडतो. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक चिंच किंवा पावडर लावून घासू नकोस, कुणाला घासूही देऊ नकोस. अक्षरं उथळ असतात, झिजली की गेली. खोलीत अंधार कर, बॅटरी अगदी आडवी धर, पदक थोडं थोडं फिरवत प्रत्येक वळणाचा फोटो काढ.

पलटणींचे आकडेही बदलले. मुंबईची तिसरी पलटण १९०३ साली १०३वी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि १९२२ साली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. एकाच पलटणीची तीन नावं! मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुत गावी वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेत ही १०३वी होती. पण बसरा हे बंदर, मेसोपोटेमियात गेलेली फौज तिथेच उतरायची. आजीच्या एका शब्दावरून पणजोबांना कुतच्या वेढ्यात बसवू नकोस. कुणी सांगितलं ते लिही.

लोकांना हा कीस वाटतो. वाटू दे. आपला समाज एवढासा, नावं तीच तीच. एक ओळ चुकली की दुसऱ्याच्या आजोबांचं आयुष्य आपल्या आजोबांना चिकटतं, आणि पुढचे तेच उतरवून घेतात. मी यावर हटणार नाही.

कबरीवरचं इब्री, म्हणजे ज्यू पंचांगातलं, साल ५६७६ असेल तर ३७६० वजा कर, १९१६ येतं. मात्र ते साल सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून पहिले तीनेक महिने १९१५ चेच.

इस्रायलमधल्या अश्दोदच्या मावशीला फोन करशील तेव्हा "बसऱ्याला होते ना?" असं विचारू नकोस, ती हो म्हणेल. "पणजोबांबद्दल घरात काय बोलायचे?" एवढंच विचार आणि गप्प बस. "असं म्हणतात" म्हणाली तर तेच शब्द उतरव. लग्नाचा केतुबा, म्हणजे करारपत्र, तिच्याकडे असेल तर घडी जबरदस्तीने न उलगडता दोन्ही बाजूंचे फोटो मागव.