बोल्ट काढून स्टड: कुठे, कधी आणि कोणत्या पोलादाचे?

प्रश्न: ताई, नमस्कार. वडिलांची महिंद्राची पेट्रोल जीप, सीजे-3बी, आम्ही भाऊ मिळून पुन्हा उभी करतोय. इंजिन उतरवलंय. हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट काढताना दोघांच्या आट्यांतून बिडाची राखाडी पूड निघाली आणि एक बोल्ट तर घट्ट न होता नुसता फिरतोय. टर्नर म्हणतात, सगळे बोल्ट फेका, चुडीच्या रॉडचे (पूर्ण लांबीभर आटे पाडलेल्या सळईचे) स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, करून देतो. मिस्त्री म्हणतात, कंपनीने बोल्ट दिलेत ते उगाच का? कोणाचं ऐकू? आणि स्टड टाकायचेच, तर मेन बेअरिंग (क्रँकशाफ्ट धरणारं) आणि कनेक्टिंग रॉडलाही (पिस्टन क्रँकशी जोडणाऱ्या) टाकून घेऊ का?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर: दादा, हेडला स्टड टाका. मेन बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडला नको. आणि चुडीच्या रॉडचे तर हेडलाही नकोत.

मिस्त्री चुकीचं बोलत नाहीत. तुमच्या जीपचं हरिकेन इंजिन 134 घन इंचांचं, म्हणजे साधारण 2200 सीसीचं. कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) सातच्या आसपास. एवढ्या दाबाला चांगले बोल्ट पुरून उरतात, आणि ब्लॉकचे आटे शाबूत असते तर मीही बोल्टच ठेवा म्हणाले असते. पण राखाडी पूड म्हणजे आट्यांचं बीड झिजून बाहेर येतंय. इतक्या वर्षांत ते हेड किती जणांनी उघडलं असेल, कोणी कसा पाना मारला असेल, याचा हिशेब त्या भोकांत साठलेला आहे.

बोल्ट आवळताना तो ताणलाही जातो आणि पिळलाही जातो, आणि हे सगळं बिडाच्या आट्यांवर घासत होतं. दर वेळी हेड उघडलं की तेच आटे पुन्हा घासले जातात. स्टड एकदा ब्लॉकमध्ये बसला की बसला. नंतर फिरतो तो वरचा नट, पोलादावर पोलाद. बिडाच्या वाट्याला फक्त सरळ ओढ येते. शिवाय स्टडच्या दोन टोकांना दोन प्रकारचे आटे ठेवता येतात. ब्लॉकच्या बाजूला जाड, कारण बीड ठिसूळ, त्याला जाड आटाच मानवतो. नटाच्या बाजूला बारीक, म्हणजे ताण हळूहळू, हवा तेवढाच देता येतो. पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम 10 टक्के भाग हेड दाबायला उपयोगी पडतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून ते घर्षण सगळीकडे सारखं असणं फार महत्त्वाचं. एका नटाखाली गंज आणि दुसऱ्याखाली तेल असेल, तर टॉर्क रेंचवर (जोर मोजून आवळणाऱ्या पान्यावर) आकडा एकच दिसेल आणि हेड मात्र एका बाजूला ढिलं राहील.

आता चुडीचा रॉड. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे टर्नर मी लहानपणापासून बघते आहे, त्यांच्या हाताला तोड नाही. प्रश्न हाताचा नाही, मालाचा आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा चुडीचा रॉड बहुधा 4.6 किंवा 4.8 ग्रेडचा असतो. पहिल्या आकड्याला 100 ने गुणा, म्हणजे मेगापास्कलमध्ये त्याची तुटण्याची ताकद: 400. तेच 8.8 ग्रेडला 800 आणि 10.9 ला 1000. मऊ रॉड टॉर्कला लांबतो आणि लांबलेलाच राहतो. पहिले काही दिवस गाडी छान चालेल, मग गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) फुंकेल, आणि दोष गॅस्केटवर जाईल. तयार स्टड 10.9 चे किंवा इंची मापात ग्रेड 8 चे मिळाले तर तेच घ्या. करूनच घ्यायचे असतील तर ईएन 24 हे मिश्र पोलाद घ्या, त्याला हीट ट्रीटमेंट करून घ्या आणि आटे शक्यतो रोल केलेले, म्हणजे कापून नाही तर दाबून पाडलेले, असू द्या. कापलेल्या आट्यापेक्षा रोल केलेला आटा वारंवार पडणाऱ्या ताणाला जास्त टिकतो. मधला दांडा गुळगुळीत हवा, पूर्ण लांबीभर आटे नकोत. ऑर्डर देण्याआधी पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायचं साधन) लावून जुन्या बोल्टचे आटे मोजा, कारण ही इंची गाडी आहे. मिलिमीटरचा स्टड दोन-तीन आटे चढतो आणि मग ब्लॉक खातो.

जो बोल्ट नुसता फिरतोय, त्या भोकात आधी हेलिकॉइल (भोकाला नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. हातड्रिलने नाही, ब्लॉक मशीनवर धरून, कारण भोक तिरकं गेलं की स्टड तिरका उभा राहील आणि हेड खाली उतरणारच नाही. राखाडी पूड निघालेली ती दोन भोकंही तपासा. पोलादाच्या स्टडला बिडात व्यासाच्या दीडपट खोलीचे निरोगी आटे मिळायला हवेत, नाहीतर तिथेही हेलिकॉइल.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ भोकं साफ करण्यात जाऊ द्या. टॅप फिरवा, हवा मारा, पुन्हा टॅप फिरवा. बंद भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी उरलं आणि वरून स्टड पिळला, तर ते दबायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जातो. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उघडत असेल तर त्या आट्यांना सीलंट लावा. भोकाच्या तोंडाला हलका चेंफर (तिरका उतार) मारा, कारण ताणाखाली पहिला आटा वर उचलला जातो आणि हेड टेकू देत नाही. स्टड हातानेच बसवा, तळाशी टेकेपर्यंत. तिथे पाना लावायचा नाही. नटाखाली कडक केलेली वॉशर हवी, आट्यांना आणि वॉशरला एकच तेल. टॉर्कचा आकडा स्टड बनवणाऱ्याचा घ्या, आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे आधी विचारा. कोरड्याचा आकडा तेल लावून वापरलात तर स्टड जास्त ताणला जाईल. तीन टप्प्यांत आवळा, मधून सुरुवात करून बाहेर, जशी आपण सोलापुरी चादरीची सुरकुती मधून कडेला सारतो.

एक बोल्ट मात्र बोल्टच राहू द्या. या इंजिनात एक हेड बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवा आत जाण्याच्या वाटेत लपलेला असतो. अनेक जण तो विसरतात आणि हेड निघत नाही म्हणून छिन्नी मारतात. त्या वाटेत नट आणि वॉशर मला नको वाटतात. चांगल्या ग्रेडचा नवा बोल्ट तिथे बसवा. बाकी स्टडवरून हेड सरळ वर उचलायला जागा लागते. ती तुम्हाला आहे, सीजे-3बीचं बॉनेट याच उंच इंजिनासाठी वर केलेलं आहे.

मेन कॅपला (मेन बेअरिंग धरणाऱ्या टोपीला) स्टड लावले की कॅप वेगळ्या ताणाने दाबली जाते आणि बेअरिंगचं भोक आकार बदलतं. मग लाइन बोअरिंग (सगळ्या मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत पुन्हा कोरणं) करणं आलं. शांतपणे चालणाऱ्या जीपला त्याची गरज नाही. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र नवे घ्या, त्यात काटकसर नको. तो बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आणि कृपा करून हेड बसवण्याआधी त्याच्यावर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवा आणि खालच्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. हेड वाकलं असेल तर जगातला कोणताही स्टड ते सरळ करत नाही, ग्राइंडिंगच लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आहे. जॅकेटमध्ये क्षार साचतात, इंजिन तापतं, हेड वाकतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. दोनशे-चारशे रुपयांत गॅस्केट वाचतं.

प्रश्न: अॅम्बेसेडरचं हेड नट सगळे काढूनही उचलत नाही. स्टडलाच चिकटलंय. फट करून पहार घालू का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर: पहार नको, छिन्नी नको. तुमची जुनी 1489 सीसीची गाडी दिसते, तिला कंपनीकडूनच स्टड आहेत. हेडही बिडाचं आणि ब्लॉकही. मधे गंज भरलाय. प्रत्येक स्टडच्या भोवती गंज सोडवणारं तेल घाला आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा दोन-तीन आटे चढवून ठेवा, म्हणजे हेड उसळणार नाही. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) काढलेले असू द्या. मग पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरा, टोक बाहेर ठेवा, आणि क्रँक हाताने हळू फिरवा. पिस्टन दोरी दाबेल आणि हेड आतून सुटेल. न सुटल्यास जोर वाढवू नका, पुन्हा तेल घाला आणि आणखी एक रात्र थांबा. हेड सुटल्यावर गंजून बारीक झालेला स्टड दिसेल, तो बदला. काढताना त्यावर दोन नट एकमेकांवर आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून फिरवा. पाइप पाना लावलात तर दांड्यावर खुणा पडतात आणि पुढे तिथूनच तो तुटतो.