खाजनाचा नकाशा, फुकटची सॉफ्टवेअर्स आणि बाबांचा प्रश्न

प्रश्न : मॅडम, मी फोंडा तालुक्यात जुवारीकाठच्या एका गावात राहते. भूगोल घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं. प्रकल्पासाठी गावच्या खाजन शेतीचा (नदीचं खारं पाणी बांधांनी अडवून केलेल्या सखल शेतीचा) नकाशा केला, त्यात शेतं, बांध, मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं) सगळं आखलं. सुट्टीत एका खासगी कंपनीत इंटर्नशिप केली. तिथले सीनियर म्हणाले, ‘नकाशे काढणारे पुष्कळ आहेत, डेटाचा स्कीमा (तक्त्यांची रचना) नीट बसवणारं कुणी मिळत नाही, ते शीक.’ शोधायला गेले तर ओपन सोर्स (खुल्या कोडच्या) टूल्सची इतकी नावं सापडली की गोंधळच उडाला. पुण्यात सत्तर हजारांचा एक कोर्स आहे, पण तिथे महागड्या परवान्याचं सॉफ्टवेअर शिकवतात. बाबा म्हणतात, ‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर कोण नोकरी देतो? त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा दे.’ मी काय करू? फाइल सोबत जोडली आहे. नाव छापू नये.

उत्तर : फाइल पाठवलीस ते बरं केलंस, नाहीतर हे उत्तर हवेत राहिलं असतं. नकाशा देखणा आहे. रंग, सूची, मापपट्टी, सगळं जागच्या जागी. पण त्यामागचा तक्ता उघडला आणि तुझ्या सीनियरना काय म्हणायचं होतं ते लगेच दिसलं.

‘बांध’ या लेयरमध्ये ‘फुटला’ नावाचा एक कॉलम आहे आणि त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहिलंय. कधी फुटला? कुठल्या टोकाला? कुणी बांधून काढला? दोन वर्षांनी तोच बांध पुन्हा फुटला तर ते कुठे लिहिणार? तुझ्या तक्त्यात दुसऱ्यांदा फुटलेल्या बांधाला जागाच नाही. बांधाला लांबी असते, तो मातीचा की दगडी हे ठरलेलं असतं. फुटण्याला तारीख असते आणि बांधावरची नेमकी जागा असते. म्हणून त्याचा तक्ता वेगळा, त्याचे बिंदू वेगळे, आणि प्रत्येक बिंदू कुठल्या बांधावरचा हे सांगणारा धागा हवा. मानशीचंही तेच. पावणी (लिलाव) झाली की मानस घेणारा बदलतो. तू त्याचं नाव मानशीच्याच ओळीत लिहिलंयस, म्हणजे पुढच्या पावणीनंतर जुनं नाव पुसून नवं लिहायचं आणि मागचं सगळं विसरायचं.

स्कीमा बसवणं म्हणतात ते एवढंच, आणि एवढं अवघड. कुठल्या गोष्टीला स्वतंत्र वस्तू मानायचं, ती ओळखायची कशी, कुणाचा कुणाशी संबंध, आणि कुठली नोंद आत घ्यायचीच नाही, हे आधी ठरवायचं. याला लागतो तो कागद, पेन्सिल आणि बांधावर उभं राहून म्हाताऱ्या शेतकऱ्याला प्रश्न विचारायची तयारी. टूल त्यानंतर येतं.

आणखी दोन गोष्टी फाइलमध्ये दिसल्या. सर्वे नंबरच्या कॉलममध्ये काही ओळींत चक्क ‘१२-मार्च’ आहे. सर्वे १२, पोटविभाग ३, म्हणजे १२/३, हा एक्सेलमधून फिरून आलेला दिसतो, आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. दुसरं म्हणजे ‘ओनर_ना_१’ असा एक विचित्र कॉलम आहे. तो तू लिहिलेला नाहीस, शेपफाइलने (नकाशाचा डेटा ठेवायच्या जुन्या फाइल-प्रकाराने) केलाय. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा रोमन अक्षरांपुढे जात नाही. दोन नावं दहा अक्षरांपर्यंत सारखीच निघाली की एकाचं शेपूट कापून आकडा चिकटवला जातो. आजपासून काम जिओपॅकेजमध्ये ठेव. ती एकच फाइल असते, आतून एसक्यूलाइट डेटाबेस असतो, आणि क्यूजीआयएसला ती तितकीच सवयीची आहे.

आता तुझ्या घरातच पडलेलं एक उत्तम पाठ्यपुस्तक. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) काढ आणि तो स्कीमा म्हणून वाच. जिराईत, बागायत, तरी (भातजमीन), खाजन, केर, मोरड, या प्रत्येक जातीच्या जमिनीसाठी तिथे वेगळा रकाना आहे आणि त्यात क्षेत्र भरलेलं असतं. कागदावर ही रचना उत्तम, एका नजरेत कळते. पण हाच फॉर्म जसाच्या तसा डेटाबेसमध्ये उतरवलास तर बहुतेक रकाने रिकामे राहतात, आणि मोठी अडचण पुढे येते. एकाच पोटविभागात थोडं खाजन आणि थोडं मोरड असेल तर उतारा दोन्हींचं क्षेत्र सांगतो, पण त्या तुकड्यात खाजन नेमकं कुठे आहे ते सांगत नाही. तुझ्याकडे पूर्ण पोटविभागाची आकृती आहे, खाजनाची नाही. मग नकाशात संपूर्ण तुकडा खाजनाच्या रंगात रंगवायचा का? तू तसाच रंगवलायस! इथे दोन तक्ते लागतात. एकात उताऱ्यावरचं क्षेत्र, आकृतीशिवाय. दुसऱ्यात तू प्रत्यक्ष मोजलेली आकृती. दोन्हींचा मेळ बसला नाही तर तो लपवायचा नाही, तीच तुझ्या प्रकल्पाची खरी कमाई आहे.

त्याच उताऱ्यावर पुढे कूळ आणि इतर हक्क येतात. मुंडकाराचं घर घे. जमीन भाटकाराची (जमीनदाराची) किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची), घरात राहणारा मुंडकार, आणि त्याला १९७५च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण. ‘मालक’ नावाच्या एका कॉलममध्ये हे मावत नाही. जगभरच्या भूमी अभिलेखवाल्यांना हीच अडचण आली, म्हणून २०१२ साली आयएसओ १९१५२ हे प्रमाणक आलं, त्याला एलएडीएम (लँड अॅडमिनिस्ट्रेशन डोमेन मॉडेल) म्हणतात. त्यात माणूस वेगळा, हक्क वेगळा आणि जमिनीचा तुकडा वेगळा ठेवलाय, आणि हक्क हा माणूस व तुकडा यांना जोडतो. गोव्यात वाढलेल्या मुलीला हे पहिल्या वाचनात कळेल, कारण कूळ, मुंडकार, कोमुनिदाद हे शब्द ती लहानपणापासून ऐकत आलीय. दुसरीकडच्या विद्यार्थ्याला ते मुद्दाम शिकावं लागेल.

टूल्सचा गोंधळ मात्र थोडक्यात सुटतो. सुरुवातीला पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आणि त्यावर पोस्टजीआयएस ही नकाशाच्या आकृत्या हाताळणारी जोड बसव, बाकी सगळं याच्याभोवती फिरतं. पोस्टजीआयएस २००१पासून आहे, क्यूजीआयएस २००२पासून, म्हणजे दोन्ही तुझ्या वयाची किंवा थोडी मोठीच आहेत. पीजीअॅडमिनमध्ये तक्त्यांची आकृती काढायची सोय आहे. चौकोन काढ, रेषा जोड, त्यावरून एसक्यूएल (डेटाबेसला सूचना द्यायची भाषा) तयार मिळतं. डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती आधीपासून असलेल्या डेटाबेसची आकृती काढून दाखवते, दुसऱ्याचं काम समजून घ्यायला तेवढं पुरतं. पीजीमॉडेलर या दोघांपेक्षा ताकदवान आहे आणि त्याला पोस्टजीआयएसचे प्रकार कळतात, पण एक खोच आहे. त्याचा सोर्स कोड खुला आहे, तयार इन्स्टॉलर मात्र विकत घ्यावा लागतो. लिनक्सवर स्वतः कंपाइल करायची तयारी असेल तर पैसे वाचतात, आणि त्या खटाटोपात शिकायलाही मिळतं.

तक्ता करताना तीन गोष्टी हाताला वळण लागेपर्यंत कर. आकृतीच्या कॉलमला प्रकार आणि निर्देशांक पद्धत आधीच बांधून दे. यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत गोवा ४३ उत्तर झोनमध्ये येतो, सॉफ्टवेअरला सांगायचा त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. जीपीएसच्या अक्षांश-रेखांशातच आकृत्या ठेवून पोस्टजीआयएसला क्षेत्रफळ विचारलंस तर उत्तर चौरस अंशांत येतं, त्याचं काय करणार? दुसरं, मोडकी आकृती आत येऊच नये अशी अट घाल. तिसरं, सर्वे नंबरला मुख्य ओळख करू नकोस. पार्टिशन (जमिनीची वाटणी) झालं की पोटविभाग फुटतात, नंबर बदलतात आणि तुझे सगळे धागे तुटतात. स्वतंत्र आयडी दे आणि सर्वे नंबर मजकूर म्हणून बाजूला ठेव, मजकूर असला की त्याचा मार्च होत नाही. केंद्र सरकारने जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अंकाक्षरांचा भू-आधार क्रमांक द्यायचं ठरवलं, त्यामागेही तुकड्याला एकच कायमची ओळख असावी हाच विचार आहे.

हे जमलं की इंटरलिस बघ. माझ्या मते तुझ्यासारखीला सगळ्यात जास्त शिकवेल ते हेच. ही भूमापनाच्या गरजेतून निघालेली स्वित्झर्लंडची भाषा आहे. तिच्यात मॉडेल चित्र म्हणून नव्हे, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. क्यूजीआयएसमधलं मॉडेल बेकर हे प्लगइन ती फाइल वाचतं, पोस्टजीआयएसमध्ये किंवा जिओपॅकेजमध्ये तक्ते उभे करतं, फॉर्म आणि संबंधांसकट प्रकल्प मांडून देतं. आयलीव्हॅलिडेटर हे त्याचं जोडीदार टूल भरलेला डेटा मॉडेलप्रमाणे आहे की नाही ते तपासून चुका एकेक करून दाखवतं. ही सगळी टूल्स खुली आहेत. (संगणकावर जावा लागतं. ते नसलं की मॉडेल बेकर मध्येच रुसतं आणि लोक उगाच प्लगइनला शिव्या देतात.) कोलंबियाने आपल्या भूमी अभिलेखांसाठी एलएडीएमचं स्थानिक रूप याच इंटरलिसमध्ये लिहिलं आणि त्यासाठी क्यूजीआयएसचं वेगळं प्लगइनही केलं. ते मॉडेल उघडून वाच. त्यात मुंडकार कुठे बसेल ते शोध.

हेल स्टुडिओ आणि शेपचेंज ही नावंही तुला सापडली असतील. युरोपीय संघात २००७च्या इन्स्पायर निर्देशामुळे प्रत्येक देशाला आपला डेटा समान स्कीमात द्यावा लागतो, तिथे ती कामाला येतात. हेल एका स्कीमातला डेटा दुसऱ्यात नेतं, शेपचेंज यूएमएल (आकृत्यांच्या प्रमाण भाषेतल्या) मॉडेलवरून स्कीमा तयार करतं. शेपचेंज फुकट आहे, पण त्याला सहसा लागणारं मॉडेल ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढतात त्याला पैसे पडतात. आज तुला दोन्हींची गरज नाही. युरोपच्या कामाची आउटसोर्सिंग करणाऱ्या कंपनीत गेलीस तर तेव्हा शीक.

आता बाबांचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. त्यांना सांग की केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं, आणि २०२१ व २०२२च्या भू-स्थानिक धोरणांनी नकाशांच्या खासगी कामावरचे बरेच निर्बंध उठवले. पण त्यांची शंका अगदीच चुकीची नाही. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत आणि निविदांत अजून परवान्याचंच सॉफ्टवेअर चालतं. ते तुला नोकरीत शिकता येईल, कारण डोमेन, सबटाइप, रिलेशनशिप क्लास ही त्यातली नावं वेगळी असली तरी विचार तोच. उलट सत्तर हजार भरून बटणं कुठे आहेत ते शिकलीस आणि बांध फुटण्याचा तक्ता वेगळा का हे कळलं नाही, तर सीनियर तेच वाक्य पुन्हा ऐकवतील. कोर्स नको. डेहराडूनच्या आयआयआरएसचे (भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे) ऑनलाइन कोर्स विनामूल्य असतात, ते कर. पुढे एम.टेक. करायचं मनात असेल तर २०२२पासून गेट या प्रवेश परीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे.

‘स्कीमा डिझायनर’ अशी जाहिरात तुला क्वचितच दिसेल. नोकरी मिळेल जीआयएस अॅनालिस्ट किंवा डेटाबेस डेव्हलपर म्हणून, आणि पहिलं वर्ष बहुधा रेषा आखण्यात आणि दुसऱ्यांचे तक्ते धुण्यात जाईल. गोव्यात अशा जागा मोजक्याच आहेत. दोनापावलच्या एनआयओमध्ये (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत), वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात प्रकल्पांवर मुदतीच्या जागा निघतात, त्यांवर लक्ष ठेव. बाकी कामासाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर गाठावं लागेल. घर सोडायची तयारी आहे का, हे पत्रात तू लिहिलेलं नाहीस. ते बाबांशी आत्ताच बोल.

तलाठ्याची परीक्षा जरूर दे. गोवा कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात आली की अर्ज भर, कोकणी पक्की कर. ही वाट त्या वाटेच्या आड येत नाही. म्युटेशन (फेरफार) कशी होते, उतारा कसा बदलतो हे आतून पाहिलेला आणि एसक्यूएलही येणारा माणूस कुठल्याही भूमी अभिलेख प्रकल्पाला हवा असतो. फक्त परीक्षेची वाट बघत घरी बसू नकोस.

निकाल लागेपर्यंत तुझ्या खाजनाचं मॉडेल नव्याने लिही. आधी कागदावर, मग पोस्टजीआयएसमध्ये, शेवटी इंटरलिसमध्ये. प्रत्येक तक्ता तसा का केला याची चार-पाच ओळींची टिपणं जोड आणि सगळं गिटहबवर (कोड आणि फाइली मांडायच्या साइटवर) ठेव. मुलाखतीत पदवीच्या गुणांइतकंच ते कामाला येईल. एक मात्र सांभाळ. शेतकऱ्यांची, कुळांची आणि मानस घेणाऱ्यांची खरी नावं, फोन नंबर त्यात जाता कामा नयेत. तुझ्या आत्ताच्या फाइलमध्ये ते सगळं आहे. तिथे बनावट नावं घाल, आणि जुनी फाइल आधी टाकली असशील तर नुसती पुसून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती राहते. जुनी रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कप्पा) पूर्ण काढून टाक आणि नवी उघड.