महिन्यातून दोन दिवसांचा तंत्रप्रमुख
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमची संस्था गरोदर स्त्रिया आणि किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर 64 गावांत काम करते. 22 कार्यकर्त्या आहेत. नोंदी आधी वहीत होतात, मग एक्सेलमध्ये, आणि प्रत्येक देणगीदारासाठी तक्ता वेगळा. पुण्यातल्या कंपनीत नोकरी करणारे एक अनुभवी अभियंते महिन्याचे दोन दिवस विनामूल्य द्यायला तयार आहेत. विश्वस्तांना वाटतं, त्यांच्याकडून ॲप बनवून घ्यावं. काय करावं?
– सचिव, महिला आरोग्य संस्था, मराठवाडा

उत्तर : ॲप आत्ता नको. दोन दिवसांत ॲप होत नाही, आणि कसंबसं झालं तरी त्याची देखभाल करायला कुणी नसतं. या माणसाकडून निर्णय घ्यायला मदत घ्या: काय विकत घ्यायचं, काय बंद करायचं, कुणाला काय दिसायला हवं. दोन दिवस म्हणजे 16 तास. त्यातले आठ तास प्रत्यक्ष तुमच्याकडे, उरलेले आठवड्याला दोन तास फोनवर, ठरलेल्या वारी. प्रिंटर आणि टॅलीची दुरुस्ती त्यांच्या गळ्यात घालू नका. तसं झालं की तिसऱ्या महिन्यात वेळ संपलेला असतो आणि मुख्य काम जागच्या जागी. संस्थेतली एक व्यक्ती त्यांच्या जोडीला द्या, आठवड्याचे निदान दोन दिवस याच कामासाठी मोकळी ठेवून. ती नसेल तर ही व्यवस्था टिकत नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो.

पहिला महिना फक्त चाव्यांचा, म्हणजे कोणतं खातं कुणाच्या ताब्यात आहे ते पाहण्याचा. एका कागदावर सहा रकाने आखा: सेवा कोणती, खातं कुणाच्या नावावर, कोणता ईमेल, ओटीपी कुणाच्या फोनवर, मुदत कधी संपते, वर्षाचा खर्च किती. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता), संकेतस्थळ, ईमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, सगळं त्यात आणा. बहुतेक ठिकाणी डोमेन जुन्या स्वयंसेवकाच्या खासगी जीमेलवर निघतं. नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते, मुदत टळते आणि संकेतस्थळाबरोबर त्या डोमेनवरचे ईमेलही बंद पडतात. म्हणून प्रत्येक खात्याला दोन प्रशासक, कार्यालयात राहणारं संस्थेच्या नावाचं सिम (रिचार्ज चुकवू नका) आणि बिटवॉर्डनसारखी पासवर्डची तिजोरी. नोंदणीकृत संस्थांना पडताळणीनंतर गूगल वर्कस्पेस विनामूल्य मिळतं. तेव्हा कामाच्या फायली कुणाच्या वैयक्तिक खात्यात ठेवायची गरज नाही.

दुसऱ्या महिन्यात एकाच नोंदीचा माग काढा. समजा हिमोग्लोबिन. अभियंत्यांना एका कार्यकर्तीबरोबर दिवसभर फिरू द्या. तोच आकडा वहीत, महिन्याच्या अहवालात आणि दोन देणगीदारांच्या तक्त्यांत, असा चारदा लिहिला जातो का ते मोजा. मग रकान्यांची व्याख्या ठरवा. इथेच मराठीतली एक खोच आहे. ‘ॲनिमिया’ आणि ‘अॅनिमिया’ डोळ्यांना सारखेच दिसतात; पण पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात अ आणि वर वेगळा चंद्र. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द, म्हणून बेरीज चुकते. असे शब्द टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. गावांचंही तसंच. वडगाव, वडगांव आणि इंग्रजी अक्षरांतलं वडगाव, शिवाय वडगाव नावाची गावं कितीतरी. पंचायतराज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे. तोच वापरा, नाव फक्त वाचण्यापुरतं.

त्यानंतर साधन. एकदाच होणाऱ्या पाहणीला कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही फोनवर फॉर्म भरायची तयार साधनं उत्तम, नेटवर्कशिवाय चालतात. पण तीच बाई नऊ महिने पुन्हा पुन्हा तपासायची असेल तर मागची नोंद समोर दाखवणारं अवनी किंवा कॉमकेअर हे तयार ॲप पाहा. सुरुवातीला तीनच कार्यकर्त्या आणि एकच फॉर्म; दोन महिने वहीसह समांतर चालवा. फोन भरला म्हणून कुणी ॲप काढून टाकलं की न पाठवलेल्या नोंदी त्याच्यासोबत जातात. ‘आधी पाठवा, मग काढा’ हे प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगा.

मुलींच्या नोंदींबाबत आणखी एक. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. आधार क्रमांक कशाला लागतो याचं उत्तर देता येत नसेल तर तो रकानाच काढून टाका.

प्रश्न : बाहेरचा तंत्रज्ञ विनामूल्य काम करणार असताना त्याच्याशी करार हवा का?
– विश्वस्त, नाशिक

उत्तर : हवाच. विश्वस्त मंडळाचा ठराव आणि एक पान पुरे. मुदत सहा महिने, तास, कोणती माहिती पाहता येईल, तयार झालेला कोड व कागदपत्रं संस्थेच्या मालकीची, निघताना आठ दिवसांत सगळ्या खात्यांचा ताबा परत. स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या कंपनीकडून खरेदी सुचवायची झाली तर आधी लेखी सांगायचं. तंत्रज्ञ जिथे नोकरी करतात त्या कंपनीची परवानगीही त्यांनी घ्यावी. मानधन देणार असाल आणि निधी परदेशी असेल तर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे. खर्च कोणत्या शीर्षाखाली जाईल ते लेखापालांना नेमणुकीआधी विचारा.

प्रश्न : मी एका संस्थेचं तंत्रज्ञान अर्धवेळ पाहते. कोबोतून उतरवलेली सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. माहिती बिघडली का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, फाइल शाबूत आहे. फक्त ती तशीच उघडून जतन करू नका, मग मात्र बिघडेल. कोरं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ‘65001 युनिकोड यूटीएफ-8’ ठेवा. कोबोतून थेट एक्सएलएस प्रकारात उतरवलीत तर हा प्रश्न येतच नाही.