निवृत्तीसाठी गोव्यात फ्लॅट घेऊन तोवर पर्यटकांना भाड्याने देता येईल का?

म्हणजे उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात आत्ता फ्लॅट घ्यायचा, एअरबीएनबीवर देऊन हप्त्याला हातभार लावायचा आणि निवृत्तीनंतर स्वतः राहायला जायचं, असा तुमचा बेत आहे. मी पुण्याचा, याच बेताने तिकडे घर घेतलंय.

एजंट म्हणेल, "सगळेच देतात हो!" देतात, पण रीतसर देणं वेगळं. पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने घर द्यायचं तर 1982 च्या कायद्यानुसार गोव्याच्या पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, एकच खोली असली तरी. त्यामुळे टोकन देण्याआधी जमिनीची सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि घरपट्टीची पावती वकिलाला दाखवा. "ओसी येतेय, पुढच्या महिन्यात" असं बिल्डर म्हणाला तर पुढच्या महिन्यातच टोकन द्या.

खरी मेख सोसायटीत असते. बऱ्याच ठिकाणी बिल्डरच मेंटेनन्स बघत असतो, सोसायटी व्हायची असते. त्याने तोंडी दिलेल्या "काही बंधन नाही"ला पुढे कोण विचारतो? सोसायटी झाली की सभेत ठराव येतो आणि मग गेटवरच पाहुण्यांची अडवणूक सुरू होते. म्हणून सेल डीडमध्ये 'फक्त राहण्यासाठी वापर' असं कलम आहे का ते वाचा. सोसायटी झालेली असेल तर सभांची इतिवृत्तं मागा. आमच्याकडे नोटीस बोर्डावर तीन ओळी आहेत: रात्री दहानंतर पूल बंद, बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल नको, ओला-सुका कचरा वेगळा. तिन्ही कुणासाठी लिहिल्यात हे सांगायला नको.

आता माझं मत. दैनंदिन भाड्याला बंदी असलेली सोसायटी दिसली की लोक पाठ फिरवतात. मी म्हणेन, तीच आधी बघा. पासष्टीत शेजारच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी नवी बॅचलर पार्टी तुम्हाला चालणार आहे का? अशा ठिकाणी अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू ठेवता येतो. उत्पन्न कमी, पण पावसाळ्यात घर रिकामं राहून बुरशी धरत नाही.

पर्यटकच ठेवायचे असतील तर थोडं कराचं. तुमची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत आणि जीएसटी नोंदणी नसेल, तर साइटवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी साइटच भरते. प्राप्तिकर आपला आपण. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते. केअरटेकरला हे आधीच शिकवून ठेवा, कारण पाहुणा रात्री दोनला येतो आणि तुम्ही पुण्यात झोपलेले असता.

आणि भाड्याचा हिशोब डिसेंबरच्या दरावर मांडू नका. जुलैत एकदा जाऊन बघा, किती खिडक्यांत दिवे दिसतात ते.